जोडीदाराची फाईल

परदेशी शिकायला गेलेल्यांची कागदपत्रं लावून देणं हे माझं काम. नांदेडला कोर्टाजवळच्या एका गाळ्यात मी बसते. ठरलेल्या वारी लातूरला असते, तिथं एका झेरॉक्सवाल्यानं टेबलापुरती जागा दिली आहे. सुरुवात भाषांतरापासून झाली. जन्मदाखला, टीसी, ग्रामपंचायतीचं विवाह प्रमाणपत्र असे मराठी कागद इंग्रजीत करायचे, सोबत भाषांतरकार म्हणून प्रतिज्ञापत्र जोडायचं, नोटरी करून घ्यायची. अर्जदारानं किंवा त्याच्या घरच्यांनी केलेलं भाषांतर कॅनडात चालत नाही, त्यामुळे घरात इंग्रजीचा प्राध्यापक असला तरी लोकांना बाहेरच्या माणसाकडं यावं लागतं. पुढं पुढं लोक एका दाखल्यासाठी यायचे आणि अख्खी फाईलच समोर ठेवायचे.

येणाऱ्या प्रत्येकाला मी आधीच सांगते की मी इमिग्रेशनचा सल्ला देत नाही आणि कुणाची प्रतिनिधी म्हणून सही करत नाही. पैसे घेऊन असा सल्ला द्यायचा अधिकार कॅनडाच्या कायद्यानं तिथल्या वकिलांना आणि परवानाधारक सल्लागारांनाच दिला आहे. २०२१ पासून या सल्लागारांवर देखरेख ठेवणारी 'कॉलेज' नावाची वैधानिक संस्था तिथं आहे, आणि कोण परवानाधारक आहे हे तिच्या यादीत कुणालाही बघता येतं. इथला कागद खरा, पुरा आणि वेळेत तिकडं पोचवणं एवढंच माझं काम. पण या कामात नियम रोज डोळ्यांखालून जातात, आणि एक फाईल मला बाकीच्यांपेक्षा जास्त जपावी लागते. ती जोडीदाराची.

शिकायला जाणाऱ्या मुलीच्या किंवा मुलाच्या फाईलीमागं घरदार उभं असतं. बँकेचा कर्जाचा साहेब असतो, कॉलेज असतं, एजंट असतो, आयईएलटीएसच्या क्लासचे सर असतात. विष्णुपुरीच्या विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढायची म्हटलं की लातूरचा मामा अहमदपूर, लोहा करत पहाटेच्या बसनं निघतो. मागून जाणाऱ्या नवऱ्याच्या किंवा बायकोच्या फाईलीत मात्र लग्नाचा दाखला, पासपोर्ट आणि फोटो एवढंच असतं, आणि तिच्याकडं कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. 'ते तर सोबतच जाणार आहेत ना,' असं म्हणून ती बाजूला पडते. शिक्षण संपतं तेव्हा हीच फाईल सगळ्यांत आधी अडते.

लातूरच्या टेबलावर एकदा औशाकडचे एक काका आले. मुलगा आयटीआय झालेला वेल्डर. लातूरच्या एमआयडीसीत डाळ मिलच्या यंत्रांचं काम करायचा. सून सिव्हिल इंजिनिअर, माहेर नांदेडचं. ती दोन वर्षांच्या कोर्ससाठी ओंटारिओतल्या एका कॉलेजात गेली, पाठोपाठ तिच्या शिक्षणाच्या आधारावर याला ओपन वर्क परमिट मिळालं. म्हणजे कुठल्याही मालकाकडं काम करायची मुभा. त्याला लवकरच वेल्डिंगचंच काम लागलं. डिसेंबर २०२४ मध्ये सुनेचा कोर्स संपला. काकांनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला, आणि त्याच्याखाली घडी घातलेला लग्नाचा दाखला.

"मॅडम, पोरीचं शिक्षण झालं, डिप्लोमा भेटला. आता तर सगळं चांगलं व्हायला पाहिजे. मग पोराचंच कामाचं कसं काय अडायलंय?"

हा प्रश्न मला कितीतरी आईबापांनी विचारला आहे, आणि उत्तर देताना दरवेळी जीव खाली-वर होतो. कारण घरात ज्या दिवशी पेढे वाटतात, त्याच दिवशी जोडीदाराच्या परमिटचा पाया निघून गेलेला असतो. हातातलं परमिट त्यावर छापलेल्या तारखेपर्यंत चालतं, ते खरं. पण ते ज्या कारणासाठी दिलं होतं, 'पत्नी शिकते आहे,' ते कारण उरत नाही. त्यामुळे जुन्याच कारणावर मुदत वाढवून मागता येत नाही. नवं कारण दाखवावं लागतं, आणि ते कारण म्हणजे पत्नीची नोकरी. तिनं शिक्षणानंतरचं वर्क परमिट घ्यायचं, त्यावर नोकरी धरायची, आणि त्या नोकरीच्या जोरावर नवऱ्यानं नव्यानं अर्ज करायचा. सगळे याला 'एक्स्टेन्शन' म्हणतात. फॉर्मही तोच, आयएमएम ५७१०, आणि फी २५५ डॉलर. पण तपासणारा अधिकारी पहिल्यापासून सगळं पुन्हा तपासतो.

त्यात २१ जानेवारी २०२५ ला नियम बदलला. आधी, २०२३ च्या सुरुवातीला, कॅनडानं दार मोठं केलं होतं: मुख्य परमिटधारक जवळपास कुठल्याही दर्जाचं काम करत असला तरी जोडीदाराला परमिट मिळू लागलं होतं. मार्च २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या जोडीदारांसाठी दार अरुंद झालं. मास्टर्स, पीएचडी आणि काही व्यावसायिक पदव्या एवढ्यांपुरतंच राहिलं. जानेवारी २०२५ मध्ये त्यातलं मास्टर्सही किमान १६ महिन्यांचं हवं झालं. आणि नोकरी करणाऱ्यांच्या जोडीदारांवर दोन अटी आल्या. एक, मुख्य व्यक्तीची नोकरी वरच्या दर्जाची हवी. तिथं सगळ्या कामांची ० ते ५ अशी प्रतवारी आहे, तिला टीअर म्हणतात. ० आणि १ चालतात. २ आणि ३ मधली फक्त निवडक क्षेत्रं चालतात: विज्ञान-तंत्रज्ञान, बांधकाम, आरोग्य, शिक्षण, नैसर्गिक साधनसंपत्ती अशी. दोन, जोडीदार अर्ज करेल त्या दिवशी मुख्य व्यक्तीच्या परमिटचे किमान १६ महिने शिल्लक हवेत.

या १६ महिन्यांचा हिशेब मी प्रत्येकाला कागदावर मांडून दाखवते, कारण तोंडी सांगितलं की ते निसटतं. दोन वर्षांचा कोर्स केला तर शिक्षणानंतरचं परमिट तीन वर्षांचं मिळतं, म्हणजे ३६ महिन्यांचं. त्यातले शेवटचे १६ वजा केले की हातात २० राहतात. त्या २० महिन्यांत योग्य दर्जाची नोकरी मिळवून जोडीदाराचा अर्ज गेला पाहिजे. एकविसाव्या महिन्यात नोकरी कितीही चांगली मिळो, दार बंद. आणि एक वर्षाचा कोर्स करून एकच वर्षाचं परमिट मिळालं असेल, तर १६ महिने मुळात शिल्लक असूच शकत नाहीत. 'एका वर्षात आटपतं, फी कमी पडते' म्हणून तो कोर्स निवडणाऱ्या विवाहित मुलांना हे जायच्या आधी कुणी सांगत नाही. मला याचा फार राग येतो. कोर्स विकणाऱ्याला मुलाचं लग्न झालंय हे माहीत असतं, नवऱ्याची किंवा बायकोची फी तो वेगळी घेतो, आणि तरीही हे सांगत नाही.

काकांच्या सुनेनं कोर्स चालू असतानाच एका हॉटेलात अर्धवेळ काम धरलं होतं. कोर्स संपल्यावर मालकानं तिला सुपरवायझर केलं. पगार बरा, घराजवळ, मालक चांगला. पण सुपरवायझरचं ते काम निवडक यादीत बसत नाही. म्हणजे ती तिथं राहिली असती तर स्वतः तीन वर्षं निर्धास्त राहिली असती, आणि नवऱ्याचं हातातलं वेल्डिंगचं काम गेलं असतं. एका रात्री, आपल्याकडची रात्र म्हणजे तिकडची दुपार, तिचा फोन आला. तिला सिव्हिलच्या एका कचेरीत आराखड्यांचं काम मिळत होतं, पण दूर, आणि सुरुवातीचा पगार हॉटेलपेक्षा कमी. तिनं मला विचारलं नाही की घेऊ का. मी सांगणारही नव्हते. तिनं परवानाधारक सल्लागाराकडून यादी तपासून घेतली होती, निर्णय झाला होता. तिला फक्त कागद कुठले लागतील ते पक्कं करायचं होतं. तीन पगारपत्रकं, मालकाचं पत्र, त्या पत्रात पदाचं नाव आणि कामाचं वर्णन, तिच्या परमिटची प्रत. आणि लग्नाचा दाखला.

त्या दाखल्यावर आम्ही बराच वेळ घालवला. आपल्याकडं गावात लग्न झालं की ग्रामसेवक हाच विवाह निबंधक. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे. दाखला मराठीत, खाली गोल शिक्का, त्यात गावाचं नाव अर्धवट उमटलेलं. त्यावर सुनेचं नाव लग्नाआधीचं: तिचं, वडिलांचं, माहेरचं आडनाव. पदवी, गुणपत्रकं, सगळं त्याच नावानं. पण मधल्या काळात तिच्या पासपोर्टची मुदत संपत आली म्हणून तिनं तिकडंच नवा काढला, आणि घरच्यांच्या आग्रहाखातर त्यात नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव लावून घेतलं. झालं. तिचं नवं वर्क परमिट एका नावानं, तिचंच लग्न दुसऱ्या नावानं. अधिकाऱ्यासमोर फाईल उघडली की पहिला प्रश्न येणार, ही बाई कोण आणि ती बाई कोण. आपल्याकडच्या तीन नावांच्या पद्धतीत बाईचं मधलं आणि शेवटचं नाव दोन्ही बदलतात, म्हणजे तीनातलं एकच शिल्लक राहतं. ओटावाच्या माणसाला ते कसं कळावं?

काकांनी गावात जाऊन विवाह नोंदवहीतल्या त्या नोंदीची सही-शिक्क्याची प्रत आणली. जुन्या पासपोर्टच्या प्रती जोडल्या. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र तिनं तिकडं केलं, आणि मी भाषांतरात प्रत्येक नाव जसं लिहिलंय तसंच ठेवलं. काही लोक म्हणतात, "मॅडम, इंग्रजीत करतानाच नवं नाव घालून टाका ना." तसं मी कधीच करत नाही. मूळ कागदात जे नाही ते भाषांतरात आलं, तर तो खोटा कागद होतो, आणि चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं त्या देशाचं दार बंद होतं. एकानं तर माझ्याच टेबलावर मालकाचं तयार पत्र ठेवलं होतं. पद मॅनेजरचं, कंपनी अस्तित्वात आहे की नाही देव जाणे. 'एवढे पैसे दिले की मिळतं' म्हणाला. त्याची फाईल मी तशीच परत केली. त्याच्या बायकोचा मागून फोन आला, ती रडत होती, कारण तो कागद तिच्यासाठीच आणला होता. तिला मी एवढंच सांगितलं की तिच्या नावावर उद्या जे लागेल, ते आज तिनं स्वतः वाचल्याशिवाय जाऊ देऊ नये.

पासपोर्टची मुदत हा आणखी एक खड्डा. परमिट पासपोर्टच्या तारखेपलीकडं देत नाहीत. तीन वर्षांचं मिळायचं ते पासपोर्ट संपतो म्हणून सव्वा वर्षाचं मिळालं, आणि मग १६ महिने उरलेच नाहीत, असं डोळ्यांसमोर झालं आहे. नवा पासपोर्ट काढून राहिलेली मुदत मागता येते, पण तेवढ्यात जोडीदाराची तारीख उलटते. आता नांदेडला आणि लातूरला पोस्टातच पासपोर्टचं केंद्र आहे. जायच्या आधी, दोघांचेही, नवे काढून घ्या, असं मी अगदी हट्टानं सांगते.

आणि मेडिकल. नांदेडची एक नर्स नवऱ्यामागं गेली. इथं मोठ्या दवाखान्यात आयसीयूला काम केलेली. तिच्या परमिटच्या तळाशी शेरा होता: आरोग्यसेवेत, बालसंगोपनात आणि शाळेत शिकवण्याच्या कामात चालणार नाही. कारण एवढंच की परमिट घेताना वैद्यकीय तपासणी केलेली नव्हती. 'जोडीदाराला कशाला' म्हणून पैसे वाचवले होते. तिनं तिथं गोदामात खोकी भरली. नवऱ्याचं शिक्षण संपून तिच्या अर्जाची वेळ आली तेव्हा आधी तपासणी करून घेतली, मग अर्ज केला. तिकडं नर्स म्हणून नोंदणी व्हायला अजून अवकाश आहे, पण नव्या परमिटवर तो शेरा नाही, आणि आता ती वृद्धाश्रमात मदतनीस आहे. फोनवर तिचा आवाजच बदललाय.

तिचं आणि त्या वेल्डरचं दुखणं एकच, पण तो ते जास्त लपवायचा. आपल्याकडं बायकांना सवय आहे, सगळं नवऱ्याच्या कागदावर असायची. घर त्याच्या नावावर. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लागावं म्हणून १९९२ मध्ये लक्ष्मी मुक्ती योजना आणावी लागली, तरी किती सातबाऱ्यांवर ते लागलं, हे गावोगाव दिसतंच. आता पहिल्यांदाच आपली मुलं बायकोच्या कागदावर परदेशी राहतायत. बायकोची नोकरी बदलली की यांचं काम हलतं. मला वाटतं, हे त्यांनी अनुभवलं ते बरंच झालं, आणि तरीही त्यांची घालमेल मला बघवत नाही. गावी विचारतात, "काय करायलाय तिकडं?" आणि हा सांगतो, "आहे काम चालू." त्याच्या हातच्या वेल्डिंगची तिकडं परीक्षा घेऊन पारख झाली होती, पण परमिटला आधार तिचा, म्हणून तो स्वतःच्या कामाबद्दल अभिमानानं बोलायचा नाही.

सगळीकडं कॅनडासारखंच आहे असं नाही. ब्रिटननं १ जानेवारी २०२४ पासून वर्गात शिकायच्या मास्टर्सला जाणाऱ्यांना जोडीदार नेणंच बंद केलं. संशोधन करणाऱ्यांनाच मुभा राहिली. अमेरिकेत विद्यार्थ्याच्या जोडीदाराला काम करताच येत नाही. पुढं नोकरीचा एच-१बी व्हिसा मिळून ग्रीन कार्डचा ठरावीक टप्पा गाठला तर २०१५ पासून जोडीदाराला त्याच्या एच-४ व्हिसावर कामाची परवानगी मागता येते. तिथं थांबलेल्या शिकलेल्या मुली आपल्या नांदेड-लातूरच्याही आहेत. कॅनडाबद्दल मी जास्त लिहिते, कारण माझ्या टेबलावर ढीग त्याचाच आहे.

वेल्डरचा अर्ज मुदत संपायच्या आत गेला. हे सगळ्यांत महत्त्वाचं. मुदतीच्या आत अर्ज गेला, तर उत्तर येईपर्यंत जुन्याच अटींवर काम करता येतं. मुदत उलटली, तर ९० दिवसांत दर्जा परत मागता येतो खरा, पण तोपर्यंत काम थांबतं. त्याचं काम थांबलं नाही. तरी मालकाला अर्ज गेल्याचं पत्र दाखवावं लागलंच. आणि नेमक्या त्याच काळात इकडं बहिणीचं लग्न ठरलं.

काका पुन्हा आले. या वेळी कागद नव्हता हातात. "चार दिवसांसाठी येऊन जाईल की, मॅडम. सुट्टी द्यायलाय मालक." मी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं की येण्यात अडचण नाही, अडचण परत जाण्यात आहे. पासपोर्टवरचा व्हिसा परमिटसोबतच संपलेला. नवा व्हिसा इथून मागावा लागेल, आणि देश सोडला की काम करत राहायची ती सवलतही हातची जाऊ शकते. पुढचं तिकडच्या सल्लागाराला विचारा, असं मी म्हणाले. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मामाच्या पोराला उभं करू मग." लग्नात नवरीचा भाऊ म्हणून मामाचा मुलगा उभा राहिला, आणि वेल्डरनं पहाटे कामावर जायच्या आधी फोनवर अक्षता पाहिल्या. यात कुणाचा दोष नव्हता, म्हणूनच ते सगळ्यांना जास्त लागलं.

त्याचं परमिट आलं ते बायकोच्या परमिटच्या शेवटच्या तारखेपर्यंतचं. काकांनी पुन्हा पेढे आणले. पण या वेळी मला दुसऱ्याच गोष्टीचा आनंद होता. कायमस्वरूपी रहिवासासाठी तिथं कुशल कामाचं एक वर्ष धरतात, आणि वेल्डर हे काम त्यात बसतं. शिवाय २०२३ पासून अशा कारागिरांसाठी अधूनमधून वेगळी निवडही होते. याचं ते वर्ष भरलं आहे. दोघं सध्या गुणांचा हिशेब मांडतायत की मुख्य अर्जदार कुणी व्हायचं, आणि सून म्हणते, त्याचंच नाव पहिलं घालू. त्यासाठी त्याच्या आयटीआयची गुणपत्रकं आणि लातूरच्या जुन्या कारखान्याचा अनुभवाचा दाखला हवा आहे. कारखान्याचे मालक बदललेत, जुनं हजेरीपुस्तक आडतीवरच्या खोलीत पडलंय म्हणतात. काका तिकडं चकरा मारतायत, आणि मी दाखल्याचा मजकूर टाईप करून ठेवला आहे, त्यातली रुजू झाल्याची तारीख तेवढी मोकळी आहे.